आधी, मध्ये की नंतर

सोमवार, ३ मार्च

दादाने आव्हान दिलं! फोनवर, हसत हसत. "काय तोफखाना, तीन मंडळ्यांची एकत्र सभा घेऊ. तू 'आधी' मांड, तिसऱ्या मंडळीचे मास्तर 'मध्ये' मांडतील, मी 'नंतर'. होऊन जाऊ दे एकदाचं."

सख्खा मोठा भाऊ, शेजारच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, आणि या एका मुद्द्यावर माझा कट्टर विरोधक. त्याचं म्हणणं, प्रभू आपल्या लोकांना वर उचलून नेईल ते जगाच्या शेवटी येणारं महासंकट सरल्यावर. तोवर मंडळीने सगळं सोसायचं. मी व्यासपीठावरून घसा फोडून सांगत आलेय — आधी! वादळ दिसलं की बाप लेकरांना घरात घेतो. रस्त्यात उभं करून परीक्षा पाहत नाही.

लगेच हो म्हटलं. मागे हटेन तर मी कसली!

बुधवार, ५ मार्च

सकाळी यांना भात शिकवला. चिखल झाला.

"हे कशाला आता, या वयात?"

"मी अचानक गेले तर?"

"कुठे?" ठाऊक असून विचारतात! मी छताकडे बोट केलं.

हे विश्वासणारे नाहीत, कधीच नव्हते. रविवारी मला चर्चच्या दारापर्यंत पोचवतात आणि समोरच्या बाकावर पेपर वाचत बसतात. धंदा कवळ्या बनवण्याचा, घरातच. टेबलभर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, बोटांना कायम पांढरी भुकटी. भात ढवळता ढवळता म्हणाले, "तुमच्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात माझं काम आहे. सगळे वर गेलात की कवळ्या बरोबर जाणार, की बाकांवर पडून राहणार?"

"नवं शरीर मिळणार. नवे दात."

"मग धंदा बसलाच म्हणायचा."

हसू आवरेना. उपदेश करायचा होता, राहून गेला.

शुक्रवार, ७ मार्च

तयारी. मास्तर म्हणतात, माणसांनी केलेला छळ मंडळी भोगेल, पण देवाचा क्रोध ओतला जाण्याआधी, मध्येच, उचलली जाईल. मुद्दा वाटतो तितका दुबळा नाही. दादाचा तर मुळीच नाही. नोहा प्रलयातूनच तरला ना? ते तिघे तरुण धगधगत्या भट्टीत गेले तेव्हाच तिथे त्यांना चौथा, देवाने पाठवलेला, भेटला!

माझं उत्तर, लोट. आधी त्याला शहराबाहेर काढलं, मग अग्नी पडला. बिनतोड!

मग लोटाची बायको आली आणि पेन थांबलं. मागे वळून पाहिलं नि मिठाचा खांब झाली, त्यावरून आजवर उपदेशात तिला किती झोडपलं मी! तिचं मागे कोण राहिलं होतं, हे कधी मनात आलं नाही.

शनिवार, ८ मार्च

उद्या सभा. हे म्हणाले, "उद्या मीही आत बसतो. बहीणभावाचं भांडण फुकटात बघायला मिळतंय, कोण सोडेल?"

रविवार, ९ मार्च

सभागृह गच्च. मास्तर खोकत खोकत, पण मुद्देसूद बोलले. दादाने रंग भरला. शेवटी मी. लोट चालला, बाप आणि लेकरं चालली, टाळ्या थांबेनात.

मग मागे राहणाऱ्यांचा भाग आला. दुष्काळ, रोगराई, सैतानी सत्तेची ती खूण कपाळावर घेतल्याशिवाय भाकरसुद्धा विकत मिळणार नाही ते दिवस. लोक माझ्याकडे हाच भाग मागून मागून ऐकतात.

शेवटच्या रांगेत हे. मान पुढे काढून, अगदी मन लावून ऐकत होते.

मी कागद दुमडला. "वेळ संपत आला," म्हटलं. आला नव्हता.

बाहेर दादाने गाठलं. "तोफखाना, मागे राहणाऱ्यांचं काय झालं? तुझा हुकमी एक्का तो!"

"वेळ नव्हता."

"तुला? माईक काढून घेतला तरी तू थांबत नाहीस!" — मग त्याची नजर यांच्याकडे गेली. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

सोमवार, १० मार्च

"मग, जिंकलं कोण?" मी चहा घेताना विचारलं.

"मुद्दे तुझे भारी. पण माझं मत दादाला."

"का हो?"

"त्याचं खरं ठरलं, तर संकटातही तू इथेच असशील." एवढं बोलून पॉलिशचं चाक सुरू केलं. त्या घरघरीत मला काही बोलता येऊ नये म्हणून!

दिवसभर शास्त्र पुढ्यात. दादाचं खरं असावं असं वाटायला लागलंय — आणि नेमकं म्हणूनच ते मानता येत नाही! मनात असेल ते शास्त्रात शोधणाऱ्यांना मी जन्मभर फटकारत आले. आता स्वतःला सूट? नाही. यांनी विश्वास धरावा म्हणून रोज मागते, मागत राहीन. पण हाताला धरून ओढून नेता येत नाही कोणाला.

बुधवार, १२ मार्च

प्रभू संकटाआधीच येणार. तिळमात्र शंका नाही. रविवारी हेच सांगणार, ठणकावून.

आणि आज गुडघ्यांवर बसून मागितलं — सगळ्यांना ने. मला नको. यांना एकट्याने नाही झेपायचं.