विनिपेग ते एन्डोला, बत्तीस तास

प्रिय कासुबा,

तू मागच्या अंगणात बायकांबरोबर मक्याच्या पिठाची न्शिमा घाटते आहेस आणि मी आतल्या खोलीत दार लोटून हे लिहिते आहे. घरात तीस माणसं. तोंडाने बोलायची सोय नाही. घाईचं अक्षर आहे, समजून घे.

मंगळवारी सकाळी सहाला मी तुला फोन केला, बाबा गेले म्हणून. काकांनी लगेच सगळ्यांना सांगितलं : कॅनडातल्या विनिपेगहून इथे एन्डोलाला साडेतेरा हजार किलोमीटर, तीन विमानं, बत्तीस तास. हे आकडे आपल्या घरात सगळ्यांना पाठ. बाबांनीच करून घेतले होते. चर्चबाहेर कुणी तुझी चौकशी केली की आधी किलोमीटर सांगायचे, मग तब्येत. तू पोचावीस म्हणून दफन शुक्रवारवर ढकललं. आणि त्याच दिवशी साडेअकराला तू दारात उभी! कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं कापड, पायांत स्लिपर, बोटांवर लाल धूळ. मी तुला मिठी मारली आणि मिठीतच माझ्या अंगावर काटा आला. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतरं मोजायला लावायच्या. माझं कधी चुकलं नाही. साडेपाच तासांत माणूस लुसाकाहून येतो, बसने. कॅनडाहून नाही.

आत्या सगळ्यांसमोर म्हणालीच, "काय गं, कॅनडा आता शेजारच्या किटवेच्या पलीकडे येऊन बसलं की काय?" तू खाली बघितलंस. मीच बोलले, "ते आजारी पडल्याचं मी तिला गुपचूप कळवलं होतं, तेव्हाच निघाली ती." सगळ्यांनी विश्वास ठेवला. मी कधी खोटं बोलत नाही ना!

किती रविवार गं, कासुबा? तुझ्याकडे उजाडलं असेल का, म्हणून सात-आठ तास वजा करून मी फोन करायची. तू म्हणायचीस, "आई, खिडकीबाहेर नुसता बर्फ." एकदा मागे कोंबडा आरवला, तर म्हणालीस, "टीव्ही आहे गं!" बाबा किती हसले होते. तू गेलीच नव्हतीस, की जाऊन परत आलीस? आज विचारत नाही.

काल माती देऊन परतताना तू विचारलंस, बाबांनी माझी आठवण काढली का. मी म्हटलं, त्यांना शुद्धच नव्हती. तेही खोटं. हॉस्पिटलात नऊ दिवस ते शुद्धीत होते. रोज मी फोन हातात घ्यायची, "बोलावते पोरीला," आणि ते माझं मनगट धरायचे. "नको गं. बत्तीस तास! दमून जाईल. परीक्षा बुडेल तिची." आणि मी ऐकलं. पहिल्याच दिवशी फोन केला असता तर दुपारच्या आत तू त्यांच्या उशाशी असतीस. 

परतीचं विमान उद्याचं आहे, असं तू सांगितलंस म्हणून आत्याने मिनीबस ठरवली आहे. चौदा जण तुला विमानतळावर पोचवायला निघणार आहेत. त्या गाडीत बसू नकोस. आईने ठेवून घेतलं, एवढंच सांग. बाकीचं मी बघते. परवापर्यंत घर रिकामं होईल. मग मला तुझ्यावर खूप ओरडायचं आहे. तोवर कुठे जाऊ नकोस.

तुझीच,
आई