पायलीभर कनकी

मु. हेटीटोला, ता. आमगाव
दि. २४ नोव्हेंबर २०२४

चि. हिमांशू यास आजाचे अनेक आशीर्वाद.

बेटा, पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. तुझी चिठ्ठी पोळ्यानंतर मिळाली होती. "रुख्माबाईकडे आहे, बरा आहे, न्यायला येऊ नका," एवढीच. दोन महिने ती बंडीच्या खिशात घेऊन फिरलो. माझं शिक्षण चौथीचं, तेही पुरं नाही. चार ओळी लिहितो आणि तीन खोडतो. तुझा मोबाईल तुझ्या बापाने फोडला, आणि रुख्माबाईच्या गावात रेंज नाही, म्हणून लिहिल्याशिवाय इलाज नाही. हे पत्र चुन्नीलालच्या हाती देतो. तो सालेकशाच्या बाजाराला येतो, तिथून तुझ्यापर्यंत येईल. त्याला वाचता येत नाही, म्हणूनच त्याला निवडलं.

इकडे हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. माझा खोकला आहे तसाच. तिकडे जंगल जवळ, थंडी जास्त पडत असेल. जमिनीवर झोपू नको. चपलेत पाय घालण्याआधी चप्पल झटकत जा. आणि रूळ ओलांडताना थांब, दोनदा बघ. तुला डाव्या बाजूची गाडी ऐकू येत नाही. हे मी रोज मनात म्हणतो, आज लिहिलं.

तुझी आई बरी आहे. म्हणजे आहे.

तुला माझा राग असेल. शाळेतल्या त्या दिवसाचा तर असणारच. तू सहावीत होतास. आजी-आजोबांचा दिवस होता, मी धुतलेलं धोतर नेसून आलो होतो. सरांनी माईक हातात दिला नि म्हणाले, "आजोबा, नातवाची काही गंमत सांगा." जे आठवलं ते सांगितलं. तुझ्याआधी दोन लेकरं गेली, एक आठ दिवसांचं, एक दोन महिन्यांचं. म्हणून तू झालास तेव्हा तुझ्या आजीने तुला सुपात ठेवलं, आणि मी ते सूप रुख्माबाईच्या दारात नेलं. ती तेव्हा शेजारीच राहायची, आपल्या बांधीत रोवणीला यायची. विकलेलं लेकरू आपलं राहत नाही, मग मरण त्याला आपल्या घरी शोधत येत नाही, असं जुने लोक मानतात. तिने पायलीभर कनकी दिली, तांदळाची तुटकी कणी, तुला मांडीवर घेतलं आणि परत तुझ्या आईच्या ओटीत ठेवून म्हणाली, "पोट्टा माह्यावाला हाये, नीट संभाळजा."

पोरं हसली. मला वाटलं गोष्ट आवडली. म्हणून पुढचंही सांगितलं, की ती कनकी आम्ही कोंबड्यांना घातली.

त्या दिवसापासून शाळेत तुझं नाव कनकी पडलं. पोरं तुला कोंबडीसारखं "आ आ आ" करून बोलवायची. खिचडीच्या सुट्टीत तुझ्या डोक्यावर भात टाकायची. तू घरी येऊन विहिरीवर डोकं धूत होतास, आणि मी विचारत होतो, "काऊन रे, सांजेले कायले अंघोळ?" मला खरंच कळलं नाही. मग तुझ्या बापाच्या कानावर गेलं. त्याने ते पोरांवर रागवायला वापरलं नाही, तुझ्यावर वापरलं. दारू पिऊन आला की, "हा माझा नाही, इकलेला माल आहे," आणि मग पट्टा. शब्द मी पुरवला होता.

आता जे घडलं ते सांगतो. रुख्माबाईने सालेकशाच्या ठाण्यात तुझा जबाब लिहवून घेतला, तेव्हापासून तुझा बाप तिकडे स्वतः जायला भितो. मागच्या रविवारी त्याने थैलीत पायलीभर कनकी भरली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ज्यानं इकला त्यानंच सोडवाव लागते," म्हणाला. "जा, थैली दे नि पोट्टा आन. बाईले नाही म्हनता येनार नाही."

मी गेलो, बेटा. हेही लपवत नाही. आमगावहून गाडीत बसलो, सालेकशाला उतरलो. फलाटावरच रुख्माबाई सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. केस पांढरे झाले, पण आवाज तोच.

"राम राम काकाजी. थैल्यात का हाये?"

"कनकी."

"म्हनजे पोट्टा नेवाले आले."

"माह्या ओमेश्वरनं धाडलं."

"ओमेश्वरचं मले समजलं. तुमाले का पायजे ते सांगा."

तिने एका गिऱ्हाइकाला फळं दिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "रिवाज हाये. तुमच्या हातून घेतला, तुमी कनकी द्याल तं मी वापस देईन. पन नेऊन ठेवाल कोठी? त्याच घरी?"

मग तिनेच तुझं सांगितलं. "जेवाले बसते तं भिंतीकडं तोंड करून. भाताले हात लावत नाही, म्हनून मी रोट्या टाकते. परवा माही सून पाठीमांगून हासली तं ताट सोडून उठला. ते बिचारी कोंबडीचं पिल्लू पाहून हासली होती."

आपण धानवाले लोक. आपल्या घरचं पोर भात खात नाही, हे मी फलाटावर बसून ऐकलं. गावापर्यंत आलोच नाही. परतीच्या गाडीत थैली मांडीवर होती.

घरी आलो तेव्हा तुझा बाप बाहेर गेला होता. तुझ्या आईने थैली पाहिली. चूल पेटवली, कनकी निवडली आणि शिजवली. दोन दिवस आम्ही दोघं तेच खात होतो. ती घासाघासाला पाणी पीत होती, तरी खात होती.

तुझ्या बापाने तिसऱ्या दिवशी विचारलं, "पोट्टा कोठी?"

"नाही आनला."

"मंग थैली?"

"खाल्ली. मी एकट्यानं."

त्याने हात उचलला. मारला नाही, पण उचलला. तो हात खालून किती मोठा दिसतो ते मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. तुला अकरा-बाराव्या वर्षीच कळलं होतं. तेव्हापासून मी शेतावरच्या झोपडीत राहतो. तुझी आई सकाळी भाकर घेऊन येते. मी तिला म्हटलं, तूही इथंच राहा. ती अजून विचार करते आहे.

तर मी तुला सोडवायला येणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला तो हक्क नाही. एवढंच सांगायला पत्र लिहायला घेतलं होतं. इथं सही करणार होतो. पण अजून एक आहे, आणि खरं म्हणजे तेच लिहायचं म्हणून दोन महिने लागले.

चैतात, भर दुपारी, तू या झोपडीत आला होतास. बोटं सुजली होती. "आजा, कोनाले सांगू नको," म्हणालास. मी तुला ताक दिलं. तू झोपलास. घंट्याभराने तुझा बाप गाडी घेऊन आला आणि तुला ओढत नेलं, आणि त्या दिवशी तुझा डावा कान गेला. तुला वाटलं, बाजूच्या बांधीत बैल चारणाऱ्या मुन्नालालने सांगितलं.

मुन्नालालने नाही सांगितलं. तू झोपल्यावर मी शेताच्या धुऱ्यावर गेलो, तिथं रेंज येते, आणि मीच तुझ्या बापाला फोन केला. मला भीती वाटली. पोलीस येतील, लोक बोलतील, तुझा बाप मलाच घराबाहेर काढेल. तू माझ्या भरवशावर झोपला होतास.

मुन्नालाल अजून मला विचारतो, "कायजी, तुमच्या नातवानं मले राम राम काऊन सोडला?" मी म्हणतो, पोरगा आहे, विसरला असेल. उद्या त्याच्या घरी जाऊन खरं सांगणार आहे. तुला आधी सांगायचं होतं.

मला माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते मागायला मी तुझ्यासमोर उभा पाहिजे, आणि तू हो म्हटल्याशिवाय मी तिकडे येणार नाही.

चुन्नीलाल बाजार करून तीनच्या गाडीने परततो. तोवर त्याच्याजवळ एक ओळ दे. येऊ नका असं लिही, तोंड पाहायचं नाही असं लिही, काहीही लिही. पण वाचलंस एवढं आजच कळव, बेटा. मी आमगावच्या फलाटावर बसून राहतो.

तुझा आजा,
धनलाल