निरोगी माणसाच्या रक्तातली भानगड

प्रिय पैलवान,

तुला मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या फुगलेल्या गालांनाही. तुझी तब्येत विचारत नाही. विचारली की तू अर्धा तास सांगतोस. माझी नेहमीसारखीच. सकाळी बोटांचे सांधे सुजतात, सुई धरवत नाही आणि बाह्या आखूड करायला आलेले कोट खुर्चीवर ताटकळत बसलेत.

माझ्या रक्ताशी ताडून बघायला एका निरोगी नातेवाइकाचं रक्त हवं, असं दवाखान्यातून सांगितलं तेव्हा तू किती ऐटीत आलास! बाकावरच्या आजारी माणसांना थंड पाण्याच्या अंघोळीचे फायदे ऐकवलेस. (“ताईचं शरीर तिच्यावर उलटलंय, कारण ती सगळ्यांवर उलटते,” हेही तिथेच, मी शेजारी बसलेली असताना.) मग सुई दिसली आणि तू आडवा झालास. काठ्या टेकत आलेल्या त्याच माणसांनी उठून तुला बाक रिकामा करून दिला. तरी घरी जाऊन विज्ञानासाठी रक्त सांडल्याची बढाई मारलीसच.

परवा आपलं रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना मी गाठलं. कुणाच्या रक्तात काय निघालं ते त्या सांगत नाहीत, पण एकंदर प्रकार समजावला. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पेशी असतात. त्यातली प्रत्येक पेशी जनुकांच्या ढिगातून दोन-तीन तुकडे उचलते, जोडते आणि आपला वेगळा नमुना शिवते. (आमचाच धंदा, फक्त गिऱ्हाईक आधी माप देत नाही.) त्यातला एक तुकडा असा वात्रट, की तो वापरलेलं प्रतिद्रव्य शत्रू सोडून घरच्यांचीच कॉलर धरायला जातं. मला वाटलं, हा आम्हा आजाऱ्यांच्याच नशिबी असणार. तर बाई म्हणतात, छे, निरोगी म्हणून आलेल्या झाडून सगळ्यांच्या रक्तात तो वापरलेला सापडतो! फक्त त्यांचं शरीर त्या पेशींना दाबून गप्प बसवतं, माझ्यात तो पहारा ढिला पडलाय. का पडला हे त्यांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही, पण माझ्या तोंडाळपणामुळे नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

एवढा आनंद एकटीला पचेना. जिन्यातूनच तुला फोन लावला. तो उचलला तुझ्या बायकोने, तोही स्पीकरवर, आणि तुझी फिरायला जाणारी मंडळी तिथे चहाला बसलीत हे मला कुणी सांगितलं नाही. (सांगितलं असतं तर आणखी मोठ्याने बोलले असते.) पैलवानाच्या रक्तातही त्याच्यावर उलटणाऱ्या पेशी आहेत, फक्त झोपल्यात, एवढंच मी म्हणाले. आता त्या जाग्या होऊ नयेत म्हणून तुझी बायको तुला हळू बोलायला लावते आणि कढत पाण्याने अंघोळ घालते, यात माझा काय दोष?

तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. घेऊ नकोस. माफी मी मागणार नाही. तुझी भाषणं ऐकून ऐकून मला खरंच वाटायला लागलं होतं, की हे दुखणं मीच ओढवून घेतलंय. रडलेय मी त्यावर, तुला कधी कळू दिलं नाही. तेव्हा एक दिवस मला पोटभर हसू दे.

तुझी तोंडाळ,
ताई

ता. क. थंड पाण्याने त्या पेशी जाग्या होत नाहीत, असं बायकोला सांग. मी सांगितलेलं हल्ली ती फार मनावर घेते, म्हणून तूच सांग.

आणखी एक. मंगळवारी सकाळी मला भरती करून घेणार आहेत. सलाईनमधून औषध देतात, ते त्या जातीच्या पेशी सरसकट मारतं, शहाण्या काय नि वात्रट काय. दिवसभर पडून राहायचं. सोबत कोण येणार, असं नर्सने विचारलं. माझ्या तोंडून पटकन “भाऊ” असं निघून गेलं. ये ना रे. वाटेल तेवढी भाषणं दे, मी चकार शब्द काढणार नाही. मला फार भीती वाटतेय. पत्र बायकोला वाचायला दिलंस, तर कागदाचा एवढा तळ फाडून मग दे.