पगार बघा, काका

प्रिय बाईसाहेब,

आपल्या मोरीच्या दाराची कडी, तुझ्या शिलाई मशीनचं चाक, शेजारच्या आजोबांच्या काठीचं टोपण, आणि कारखान्यातलं धरशील तर पंपांचे शाफ्ट, बुश, पुली. सगळं या हातांनी केलेलं. लेथवर लोखंड कातायला मला कुणी शिकवलं नाही. दुसऱ्याचं बघत, बोलणी खात शिकलो. तू म्हणशील, झालं यांचं पुराण सुरू. होऊ दे.

तुझ्या दादाच्या पंपहाउसातला शाफ्ट परवा पुन्हा आमच्याकडे आला. दादा सरकारी फिटर. मोडका शाफ्ट काढायचा त्याने, नवा घडवायचा मी, केसभरही फरक न ठेवता, आणि बसवायचा पुन्हा त्याने. त्याच्या पगारात माझे तीन पगार बसतात. तो आजारी पडला तरी पगार चालू. मी पडलो की मालकाचा फोन, उद्या तरी येताय ना? दादावर राग नाही, माणूस दिलदार आहे. पण जेवताना तो 'आमचं आपलं बरं, कायम आहे' म्हणतो, तेव्हा घास तोंडात फिरतो.

माहेरी निघताना उंबऱ्यात उभी राहून तू म्हणालीस, कायमची नोकरी लागली तरच न्यायला या. तुझं काय चुकलं? पोरीची फी मालकाकडून उचल घेऊन भरली, घरभाड्याला तुझं शिवण. तुझे डोळे त्यातच अधू झाले.

म्हणून दादाने सांगितलेल्या भरतीला आज गेलो. या खेपेला वयाची अट नव्हती. साहेबांनी मी केलेला बुश हातात फिरवला, छान म्हणाले, आणि प्रमाणपत्र मागितलं. ते माझ्याकडे कुठलं? मग समजुतीने म्हणाले, "काका, कागदावर काय लिहिलंय ते कशाला बघता? बसायचंय तुम्हाला लेथवरच. पगार बघा."

पत्राच्या माथ्यावर 'इकडे सर्व कुशल' नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तो शब्द आज हातून उतरेना. दादाशी अजून बोललो नाही. त्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. न्यायला येऊ की नको, ते तू ठरव. इथे मला एकोणीस हजार मिळतात. नको म्हणून आलो ते असं: सरकारी वर्कशॉप, कायम नोकरी, हुद्दा 'अकुशल कामगार', पगार महिना एकेचाळीस हजार.

तुझाच,
टर्नर