विलायती गवत

प्रिय कुसुम,

तुझं नाव असं पहिल्यांदाच लिहिलं. घरात ते कधी घेतलंच नाही ना! 'अवं' म्हटलं की तू यायचीस. आता चुकून 'अवं' म्हटलं, तर मोरीवरची चिमणी तेवढी उडते.

आजच का लिहितोय, ते सांगतो. विश्रामगृहाच्या लॉनचा एक कोपरा उन्हाळ्यात पाइपासाठी खणला होता. तिथं मी पुन्हा बी टाकलं. आज गावातल्या दोन बायका तण निंदायला आल्या. त्यातली एक बसता बसता म्हणाली, "भाऊ, काय ठेवाचं अन् काय उपटाचं, थे पह्यले सांगा."

मी म्हणालो, "ही बारीक हरळी ठेवायची. बाकी सगळं काढा."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. "अवं माय! हरळी पेरली? आमचा तं जलम गेला थे उपटण्यात!"

मीही हसलो. मग झारी भरायच्या निमित्तानं नळावर जाऊन उभा राहिलो. झारी भरून वाहायला लागली तरी उभाच होतो. तुला बारा वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते वाक्य, दोन परक्या बायकांना मी किती सहज सांगून टाकलं!

तेव्हा आपल्या रोहणा गावचं वावर भावाकडं देऊन आपण इथं नुकतेच आलो होतो. मी माळी, आणि मागची एक खोली आपलं घर. दिवाळीनंतर इमारतीचं उद्घाटन होतं. साहेबांना समोर हिरवंगार लॉन हवं होतं. त्यांनी नागपूरहून बियांची पिशवी आणली. खसखशीसारखं बारीक बी. मी विचारलं, "कशाचं आहे साहेब?" ते म्हणाले, "दूब. म्हणजे तुमची हरळीच."

माझे बाबा नांगरामागं टोपलं घेऊन हरळीच्या मुळ्या वेचत फिरायचे. एक कांडी राहिली तरी ती वावर खाते म्हणायचे. वावराच्या कडेला धुऱ्यावर ढीग घालून जाळायचे. त्यांचा मुलगा आता हरळी पेरणार! रोहण्यात कळलं असतं, तर पारावर आठ दिवस तोच विषय झाला असता.

संध्याकाळी तू पिशवीत बोट घालून विचारलंस, "कायचं बी हाय हो?"

मी म्हणालो, "विलायती गवत हाय."

"विलायती हाय तं लय जपा लागीन," तू म्हणालीस. आणि खरंच जपलंस! जमीन खणली, ढेकळं फोडली, फळी ओढून सपाट केली. सगळीकडं सारखं पडावं म्हणून बी वाळूत मिसळून मी फेकत गेलो, आणि तू मागून पाणी शिंपडत आलीस. रोपावर पाऊल पडू नये म्हणून आपण फळीवर बसून काम करायचो. त्या फळीवर आपण दोघं शेजारी बसलेलो मला अजून दिसतो. लग्नानंतर इतका वेळ शेजारी बसलो होतो का गं कधी?

चूक मात्र माझ्या हातून झाली. वर पसरायचं शेणखत पूर्ण कुजलेलं, चाळलेलं लागतं. मी घाईत शेजारच्या गोठ्यामागचं अर्धकच्चं टाकलं. त्यातलं तणाचं बी जिवंत होतं. दहा-बारा दिवसांत गवताबरोबर माठ, घोळ, लव्हाळा, सगळं वर आलं. जेवताना मी कुरकुरलो, "तणानं सारं खाल्लं. आता साहेबाले काय दाखवू?" तू माझ्या ताटात भाकरी वाढलीस.

कार्तिक होता. सकाळी मी काकडआरतीला गेलो. परत येतो तर फाटकाशी साहेबांची जीप, आणि तू लॉनच्या मधोमध उकिडवी. अर्ध्याहून जास्त जमीन साफ! हरळीचं कोवळं रोप न् रोप मुळासकट काढून तू कडेला नीट ढीग घातला होतास. माठ तेवढा ठेवला होतास. मला पाहून किती आनंदानं म्हणालीस, "माठ राहू देल्ला जी, दोन दिवसांत भाजीले होईन."

मी साहेबांसमोर ओरडलो. "अडाणी बाई! सारं गवतच उपटून ठेवलं!"

तू गोंधळून उठलीस. "काऊन वरडता? हे तं हरळी हाय. तुमचं विलायती अजून निंघालंच नाई."

साहेबांना हसू आलं. त्यांनी मला विचारलं, "यांना सांगितलं नव्हतं का?"

आणि मी म्हणालो, "सांगितलं होतं साहेब. ऐकतच नाही."

रोज देवापुढं उभा राहिलो की हे वाक्य मला आठवतं. तू तिथंच होतीस. ऐकलंस. हातातली माती झटकलीस आणि आत गेलीस. तू भांडली का नाहीस गं? चार लोकांत मला खोटं पाडलं असतंस, तर आज इतकं जड झालं नसतं.

उरलेलं बी मी पुन्हा टाकलं. लॉन उद्घाटनाला नाही, पण पुढच्या पावसाळ्यात धरलं. मी 'गवतावर चालू नये' अशी पाटी रंगवून लावली. तुझ्यासाठी नव्हती ती! पण त्यानंतर तू एकदाही त्या गवतावर पाय ठेवला नाहीस. वाळवणाचे पापड घेऊनसुद्धा कडेकडेनं वळसा घालून जायचीस. वंदना धावत सुटली की तिला ओरडायचीस, "तुह्या बाबाच्या विलायती गवताले पाय लावू नोको!" असं म्हणताना माझ्याकडं पाहायची नाहीस, पण ओठात हसायचीस. म्हणजे तुला कळलं होतं ना?

पुढच्या गणपतीला तर माझी खात्रीच झाली. दारात हरळीचा, म्हणजे दूर्वांचाच नुसता गालिचा होता, आणि तू एकवीस दूर्वा आणल्यास त्या घरामागून, मोरीच्या पाण्याजवळून. मी जाऊन पाहिलं. उपटलेल्या त्या ढिगातली रोपं तू तिथं लावली होतीस. कधी लावलीस? त्याच दिवशी? मी जेवायला आलो नाही, त्या दुपारी? आत येऊन फक्त म्हणालो, "आरती करू." तेव्हा सांगायला काय झालं होतं मला!

दवाखान्यात तू शेवटी बोललीस, तेही त्याच हरळीचं. "मांगच्या हरळीले पाणी देजा." मी मान हलवली. तुझ्या बाजूच्या खाटेवर माणसं होती, नर्स होती. नंतर सांगू म्हटलं. नंतर काही उरलंच नाही.

तीन वर्षं झाली. वंदना समुद्रपूरला सुखात आहे. तिनं मला मोबाइल घेऊन दिलाय. रविवारी तिचा फोन येतो, बाकी तो खिशात गप्पच असतो. संध्याकाळी झारी ठेवली की मी पायरीवर बसतो. लॉन इतकं सुंदर झालंय, कुसुम! येणारे पाहुणे फोटो काढतात. मला ते पाहवत नाही.

या वेळी कोपरा घाईनं केला नाही. माती तयार करून आधी नुसतं पाणी दिलं. तण वर येऊ दिलं, काढलं. पुन्हा पाणी, पुन्हा काढलं. मगच बी टाकलं. खत दोन वर्षांचं जुनं, चाळून घेतलेलं. तरी पाइपाच्या रेषेवर हातभर पट्टा उघडा राहिलाय. तिथं बी टाकणार नाही. उद्या मोरीजवळची तुझी हरळी मुळासकट काढून तिथं लावणार आहे.

ती धरली की पाटी उपटून टाकीन. साहेब बदलले आहेत. नव्यांनी विचारलं, तर काय सांगायचं ते मी पाहीन. निंदणाऱ्या बायका दुपारी फाटकाबाहेर धुळीत बसून डबा खातात. त्यांना या गवतावर बसवीन.

आणि गणपतीला वंदना येईल. दूर्वा तिच्याच हातानं लॉनमधून तोडायला लावीन. तिथं उभा राहून तिला सांगीन, की ही हरळी आहे, विलायती काही नाही. तुझ्या आईनं ती बरोबर ओळखली होती. मी सांगितलंच नव्हतं.

मोरीपाशी थोडी ठेवतो. तिला पाणी देतो.

तुझा,
महादेव