अमेचा परवाना

१२ एप्रिल १९६५

हलकट! हलकट! हलकट!

दुसरा शब्दच सुचत नाही. आईला, म्हणजे माझ्या अमेला, घेऊन आज पुन्हा त्या परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात गेले. तोच कारकून, केशवराव. पहिल्यांदा गेलो तेव्हा फोटो नको त्या मापाचे. मग बाबांच्या मृत्यूचा दाखला ब्रह्मी भाषेत, म्हणून चालत नाही. मग भाषांतर आणलं तर त्यावर शिक्का नाही. आज सगळं होतं. एकूण एक कागद! तर म्हणतो, "लग्नाचा दाखला?"

मी म्हटलं, लग्न रंगूनला झालं, पॅगोडात, भिक्षूंच्या समोर. कागद नाही कुणी केला.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात — "मग लग्नाची बायको की ठेवलेली, हे सरकारनं कसं समजायचं?"

मागे कोणीतरी हसलं.

अमेला मराठी येत नाही. ती त्याच्याकडे बघून हसली. हात जोडले तिनं! बाहेर आल्यावर मला विचारते, काय म्हणाले ते? मी सांगितलं, ऊन फार आहे म्हणाले.

मी हिंदुस्थानी, कारण बाबांच्या पासपोर्टवर माझं नाव. ती मात्र परकी. मे संपला की तिचा परवाना संपतो. मग परत रंगून? तिथं दुकान सरकारजमा, घर दुसऱ्याला दिलेलं. कुणाच्या दारात उभी राहील?

केशवराव, तुला रडवल्याशिवाय मी राहणार नाही. बाबांनी शिकवलेल्या याच अक्षरांत लिहून ठेवते.

१३ एप्रिल

केशवराव सायकल ऑफिसच्या मागं कडुनिंबाखाली लावतो. दोन्ही चाकांची हवा सोडून दिली. भर दुपारी ढकलत गेला — टोपी पुसत, हाश्शहुश्श करत! मी पानठेल्याच्या आडून बघत होते.

बरं वाटलं. पण थोडाच वेळ. हवा काय, परत भरता येते.

१७ एप्रिल

केशवरावनं आज नवीन फर्मावलं. दाखला नाही तर नवऱ्याकडच्या जवळच्या माणसानं समोर येऊन सांगायचं, लिहून द्यायचं. मी मनात म्हटलं, झालं! बाबांचा सख्खा भाऊ आहे. इंदोऱ्याच्या वस्तीत त्याच्याच दोन खोल्यांत आम्ही अंग चोरून राहतोय.

लहानूकाका तंबाखू मळत होते. ऐकलं आणि अंगठा थांबला.

"मी कसा सांगू वं? मी तं तिथं नव्हतो. अन् खरं सांगाचं तं... पहिले कामठीवालीले विचाराले पायजे."

"कोण कामठीवाली?"

काकूनं आतून भांडं आपटलं. "सांगा आता! पोरगी मोठी आहे."

बाबांचं रंगूनला जायच्या आधीच एक लग्न झालं होतं. जिजाबाई. तुले बोलावून घेतो म्हणून गेले. बोलावलं नाही.

१८ एप्रिल

बाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. अमेनं परत सरळ केला. तिला विचारलं. तिला ठाऊक होतं! मी पोटात असताना कळलं म्हणाली.

मला सांगितलं नाही कुणी.

२५ एप्रिल

बसनं कामठीला गेले. काकांचं म्हणणं, जिजाबाईनं हो म्हटलं तर त्या कारकुनाच्या बापालाही शंका घेता येणार नाही.

जिजाबाई विणकरांसाठी चाकावर सुताच्या कांड्या भरते. बारीक, काळी, ताठ. भिंतीवर बुद्धाचा फोटो, अमे लावते तसाच. मी सगळं सांगितलं. ती चाक फिरवत ऐकत राहिली. बाबांबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"येईन ना. काहून नाही येणार?" म्हणाली. चहा दिला.

येताना बसमध्ये मी केशवरावचं तोंड कसं होईल ते मनात रंगवत आले. जिजाबाईचा अंगठा कागदावर उमटेल त्या क्षणी त्याला विचारणार — रांगेला ऐकू जाईल असं — आता सांगा, कोण ठेवलेली?

३ मे



जिजाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. केशवरावनं विचारलं, "बाई, ही तुमच्या नवऱ्याची लग्नाची बायको?"

तिनं अमेला खालून वरपर्यंत पाहिलं. सावकाश.

"मले काय मालूम बापा? मी कुठं लगन पाह्यलं? ठेवली असन."

केशवरावनं शाईचा डबा खटकन मिटला. काय हसला! मी विचारायचं म्हणून घोकलेलं वाक्य वायाच गेलं.

जिन्यात मी तिचा दंड धरला. तिनं सोडवून घेतला. "तीस वर्सं मले लोकं विचारून राहिले, नवऱ्यानं काहून टाकलं. आता तू बी विचार."

४ मे

केशवराव आता डासासारखा वाटतो. उद्या कामठीला जाणार. जिजाबाईच्या गल्लीत उभी राहून असं बोलणार की कांड्या भरायला द्यायलासुद्धा तिच्या दारात कोणी येणार नाही.

अमे सारखी विचारत होती, ती काय म्हणाली? या वेळी मी काही लपवलं नाही. केशवरावचंही नाही. एकेक शब्द तिच्या भाषेत करून सांगितला. तिनं ऐकून घेतलं. मग काकूजवळ जाऊन बसली, खुणांनी काहीतरी विचारत.

५ मे

सकाळी अमे घरात नाही. काकू सांगायला तयार नाही. मी रागातच कामठीची बस धरली — आधी ती म्हातारी, मग बाकीचं.

दारात पोचले तर अमे आत बसलेली! जिजाबाईच्या शेजारी, जमिनीवर. कांडी भरायला शिकत होती.

मी तोंड उघडलं, तशी जिजाबाई म्हणाली, "चिल्लावू नको वं. पह्यले आयक. ही आली, माह्या पायावर डोकं ठेवलं. एकच बोल शिकून आली — चुकलं माझं, बाई. तुह्या बापानं हे नाही म्हटलं कधी. त्याच्या भावानं नाही म्हटलं. तू तं अंगठाच मागाले आली होती."

अमेचं काय चुकलं होतं? मी तसं ओरडलेसुद्धा. अमेनं मान हलवली. गप्प राहा म्हणाली. आणि वर म्हणाली, मी इथंच राहते, तू जा.

एकटी परत आले. बाबांवर, जिजाबाईवर, अमेवरही — कुणावर जास्त चिडले आहे कळत नाही.

११ मे

जिजाबाईचा अंगठा झाला. केशवराव खाली मान घालून लिहीत होता. "राहण्याचा पत्ता?"

"कामठी. माह्या घरी," जिजाबाई म्हणाली.

"नातं?"

तिनं अमेचा हात धरून तिला पुढं ओढलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "सवत. लिव्ह! माही सवत."

कोणी हसलं नाही. त्यानं लिहिलं.