चिमीचं वाचन

ती. अक्का,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. मी बरा आहे, काळजी नसावी. तुझा गुडघा कसा आहे?

आपली चिमी शाळेत मागे पडली, हे कळवलंच होतं. आता एक बाई तिला रोज वेगळ्या खोलीत शिकवतात. बाई प्रेमळ आहेत. घरीही कुणीतरी वाचून घ्या म्हणाल्या. मुलगा-सून कामावर, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

चिमी पुस्तक धरून घडाघडा वाचायची, मी शाब्बास म्हणायचो. परवा बाईंनी तेच पुस्तक पुढे ठेवलं, तर तिला एक ओळ येईना. घरी ती चित्रं बघून मनानेच गोष्ट रचत होती. मला इथल्या परक्या भाषेची अक्षरं कुठे कळतात? तिचे इतके दिवस माझ्यापायी वाया गेले, अक्का.

मुलगा रागावला नाही. "असू द्या बाबा, मी बघतो," एवढंच म्हणाला.

चिमी कुशीत शिरून म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतकं हसत ऐकायचात, मला थांबवेचना."

आता मुलगा संध्याकाळी तिचं वाचून घेतो, तेव्हा मी बाहेर फिरून येतो. तब्येतीला बरं असतं.

गुडघा शेकत जा.

तुझा,
बाळ्या